गुडघ्यावरचा हात

गुणाबाईला कुणीही विचारावं, "काय दुखतंय?" की तिचा उजवा हात आपसूक उजव्या गुडघ्यावर जायचा. गावातल्या डॉक्टरनं विचारलं तरी गुडघा, शेजारणीनं विचारलं तरी गुडघा. पुण्याहून लेक दयानंद व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा ती मोबाइल खाली नेऊन त्याला चक्क गुडघाच दाखवायची, जणू काही फोनमधून त्याला आतलं दुखणं दिसणार होतं.

दुखणं गुडघ्यात नव्हतं. म्हणजे थोडी कळ तिथंही उतरायची, अगदीच खोटं नव्हतं ते. पण त्या दुखण्याचं खरं बिऱ्हाड वर होतं, जांघेत. आणि जांघ हा शब्द गुणाबाईनं उभ्या जन्मात पुरुषासमोर उच्चारला नव्हता. नवऱ्यासमोरही नाही. साठी ओलांडलेली बाई, त्यात भगवानराव जाऊन बरीच वर्षं झालेली. तिनं परक्या पुरुषासमोर खुर्चीत बसून, शेजारी तरणाताठा लेक उभा असताना, "मला जांघेत दुखतंय" म्हणायचं! ज्यांना यात काय एवढं असं वाटतं, त्यांनी शिरूर अनंतपाळच्या बाजूला एखाद्या खेड्यात वर्षभर राहून बघावं. तिथं बाई पोटात दुखतंय म्हणताना पदर सावरते. गुणाबाईनं त्या मानानं सभ्यपणे वाट काढली. जांघेपासून जो सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात निरुपद्रवी सांधा होता, त्याच्यावर तिनं हात ठेवला.

तिचं आयुष्य सगळं जमिनीवर बसून गेलेलं. खुरपायला बसली की उकिडवी बसूनच सरीच्या या टोकाचं ते टोक गाठायची. मध्ये उठणं तिला कमीपणाचं वाटे. भाकरी थापायची ती खाली बसून, दळण निवडायचं ते खाली बसून, आणि भांडण काढायचं असेल तर तेही दारात फतकल मारून. घरात खुर्ची होती, पण ती पाहुण्यांसाठी आणि तलाठ्यासाठी. दुपारच्या वेळी पलीकडच्या सिंधूच्या अंगणात लिंबाखाली बाया जमायच्या. वाकळ शिवायला, शेवया करायला, काहीच नसलं तर कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते बघायला. त्या घोळक्यात गुणाबाईची जागा ठरलेली होती, लिंबाला पाठ लावून, सिंधूच्या उजव्या अंगाला. भगवानराव गेले, लेक नोकरीला लागला, रान बटईनं दिलं, तेव्हापासून दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो तेवढाच.

सिंधू आणि ती एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या गावात आल्या होत्या. दोघी नव्या, दोघींच्या सासवा कजाग, त्यामुळं मैत्री व्हायला वेळ लागला नाही. सिंधू मोठ्या आवाजाची, मोकळ्या मनाची; तिच्या पोटात काही म्हणता काही राहत नसे. गुणाबाई तिच्या अगदी उलट. सिंधूला एखादी गोष्ट सांगितली की ती संध्याकाळच्या आत पाणी भरायच्या नळावर पोचलेली असायची, हे गुणाबाईला चांगलं ठाऊक होतं. म्हणून जगातलं सगळं सिंधूला सांगणाऱ्या गुणाबाईनं हे एवढं एक सांगितलं नाही.

सुरुवात तशी साधी झाली. जीपमध्ये चढताना पाय वर उचलेना. मग एकदा न्हाताना पायाची बोटं घासायला वाकली तर हात नडगीपर्यंतच गेला, पुढं जाईना. कुशीवर झोपलं की मांडीतून कळ निघे आणि पाठीवर झोपलं की झोपच येत नसे. खाली बसता येई, पण उठताना भिंत लागे. पुढं भिंत पुरेना. जमीन आणि तिच्यामध्ये रोज थोडं थोडं अंतर पडत गेलं.

इलाज मात्र जोरात चालू होता, गुडघ्याचा. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मग गुडघ्यात सुई दिली. उदगीरला एक मालीशवाला होता, त्याच्याकडं ती चार वाऱ्या करून आली; त्यानं गुडघा असा काही रगडला की आठवडाभर खरोखरच गुडघा दुखला. फोटो काढला, त्यात गुडघ्याची झीज दिसली. आता साठीच्या बाईच्या गुडघ्याचा फोटो काढल्यावर त्यात झीज नाही तर काय दिसणार? पण सगळ्यांना बरं वाटलं, दुखणं सापडलं म्हणून. दयानंदनं पुण्याहून कुरिअरनं लवचीक पट्टा पाठवला. सून प्रियदर्शनीनं कसलंसं तेल पाठवलं. त्या गुडघ्याचे जेवढे लाड झाले तेवढे गुणाबाईचे स्वतःचे माहेरीसुद्धा झाले नव्हते. आणि दुखणं वरच्या मजल्यावर आरामात वाढत होतं.

या खोटेपणाचा एक तोटा तिच्या लक्षातच आला नव्हता. गुडघे कुणाचे दुखत नाहीत? लिंबाखालच्या निम्म्या बायांचे गुडघे गेलेले होते. सिंधूचे तर दोन्ही. तरी त्या बसायच्या. कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन, "आई गं माय" करत टेकायच्या आणि पाय समोर लांब करून मजेत बसायच्या. गुडघा दुखणाऱ्या बाईला जमिनीवर बसता येतं, हे सगळ्या गावाला दिसत होतं. गुणाबाईचं तसं नव्हतं. तिला खाली टेकणंच जमेना. जांघेत पाचर मारल्यासारखं व्हायचं. मग ती लिंबाखाली जायची आणि उभ्या उभ्याच दोन शब्द बोलून परतायची. एकदा सिंधूच्या सुनेनं आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. गुणाबाई बसली. खाली सगळ्या बाया, आणि वर ही एकटी. बोलणं तिच्या डोक्याखालून चाललं होतं. कुणी तरी हसून म्हणालं, "आता काय बाबा, लेकाचं पुण्याला घर झालं. मातीत कशाला बसतील!"

ती हसली, पण ते वाक्य तिच्या मनाला फार लागलं. त्यानंतर ती खुर्चीवर बसली नाही आणि लिंबाखालीही फारशी गेली नाही.

मग आली येळवस. मार्गशीर्षातली ती अमावस्या लातूरकडं केवढी मोठी असते, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. सगळं गाव रिकामं होऊन रानात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करतात, आत चुन्यानं रंगवलेले पांडव मांडतात, पूजा झाली की भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, माठातली आंबील. ओळखीचाच काय, वाटेनं जाणारा अनोळखी माणूसही हाताला धरून जेवायला बसवतात. त्या दिवशी एखाद्याच्या रानात जाऊन न जेवता येणं म्हणजे त्या घराचं तोंड न बघण्यासारखं.

गुणाबाईचं रान बटईदाराकडं, त्यामुळं ती दरवर्षी सिंधूच्या रानात जायची. त्याही वर्षी सिंधूचा नवरा रामकिशन स्वतः बोलवायला आला. हा माणूस गरीब गाईसारखा; बायको बोलायची आणि तो ऐकायचा, असा त्यांचा संसार सुखानं चालला होता. त्याच्या मोटारसायकलवर तिला बसता येणार नव्हतं, म्हणून ती "येते मागनं" म्हणाली आणि काठी टेकत, हरभऱ्याच्या रानातून पायवाटेनं गेली. पोचली तेव्हा पंगत बसली होती. ढेकळं बाजूला सारून, कडबा अंथरून, त्यावर सगळ्या बाया.

"ये गुणा, ये!" सिंधूनं आपल्या शेजारचा कडबा थापटला. "तुझ्याबिगर उंडा मोडला न्हाई मी."

गुणाबाई काठीवर रेलून उभी राहिली. खाली बघितलं. बसता येईल का, याचा तिनं मनातल्या मनात अंदाज घेतला. एवढ्या माणसांत, पुरुषांच्या देखत, अर्ध्यावर जाऊन कळ आली आणि किंकाळी फुटली तर? आणि मग चार जणांनी काखेत हात घालून उचललं तर?

"गुडघा लई दुखतोय गं," ती म्हणाली.

"माझे का दुखत न्हाईत? दोन्ही गेल्यात माझे. पाय लांब कर अन् टेक. धर माझा खांदा."

आता काय सांगायचं? सगळ्या बाया तिच्याकडं बघत होत्या. रामकिशन आंबिलीचा तांब्या धरून उभा होता. गुणाबाईच्या तोंडून जे निघू नये तेच निघालं.

"न्हाई, पोट भरलंय माझं. खाऊनच आले मी."

हे ऐकून बायांनी एकमेकींकडं बघितलं. येळवशीच्या दिवशी, दुसरीकडं खाऊन, यांच्या रानात! सिंधूचा चेहरा उतरला. ती बोलली नाही, आणि सिंधू बोलत नाही म्हणजे काय झालं असेल ते ओळखावं. रामकिशननं उभ्या उभ्या प्यायला आंबील पुढं केली. गुणाबाईनं घोटभर घेतली आणि परत फिरली. रिकाम्या पोटानं ती हरभऱ्यातून चालत आली आणि वाटेत रडली. घरी चूल पेटवलेली नव्हती. सगळं गाव रानात होतं, गल्लीत एक कुत्रं तेवढं झोपलं होतं.

त्या दिवसापासून सिंधूनं बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून घर, पण हाक येईना. दुपारी लिंबाखालचं हसणं गुणाबाईला आत ऐकू यायचं. ती रेडिओ लावून बघायची, मग बंद करायची. लेकाचा फोन आठवड्यातून दोनदा येई. "जेवलीस का, गोळी घेतलीस का, गुडघा कसाय," या तीन प्रश्नांत तो संपे. दयानंद वाईट पोरगा नव्हता. कंपनीत दिवसभर उभा राहून दमायचा, आणि आईशी दुसरं काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. ती पुण्याला आली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. पण तिथं चौथ्या मजल्यावर दाराबाहेर काय आहे ते तिनं एकदा बघून ठेवलं होतं. दाराबाहेर समोरचं दार होतं.

एके दिवशी दुपारी तिनं दार लोटलं आणि ठरवलं, आज खाली बसायचंच. कुणी बघायला नाही, कुणी हसायला नाही. सवय मोडलीय म्हणून होत असेल. सवय केली की जमेल. बाजेला धरून, दात आवळून, ती खाली गेली. कळ अशी आली की डोळ्यांपुढं अंधारी आली. पण बसली. थंड फरशी हाताला लागली, आणि तिला वेड्यासारखं हसू आलं. केवढ्या दिवसांनी!

मग उठायचं म्हटलं तर उठता येईना. बाजेला धरलं तर बाजच तिच्याकडं सरकायला लागली. मोबाइल वर खिडकीत. हाक मारावी तर पलीकडं सिंधू; आणि सिंधूला कुठल्या तोंडानं हाक मारणार? उन्हं उंबऱ्याच्या आत आली, पार भिंतीपर्यंत गेली. तिला लघवीला लागली आणि ती तिथंच झाली. त्या लाजेनं ती जेवढी रडली तेवढी कळीनं रडली नव्हती. शेवटी घसटत घसटत दारापर्यंत गेली, चौकटीला मिठी मारून, कशीबशी उभी राहिली. फरशी पुसली. लुगडं धुतलं. आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं आपण होऊन लेकाला फोन लावला.

"दया, मला लातूरला न्ये रे. चांगल्या दवाखान्यात. बाई डॉक्टर असंल तिथं."

लातूरची ती डॉक्टर ऋतुजा नावाची, तिशी-पस्तिशीची, हाडांची. गुणाबाईनं सवयीनं गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरनं गुडघा बघितला, मग तिला दारापासून भिंतीपर्यंत चालायला लावलं. गुणाबाई उजव्या हातात काठी घेऊन, दर पावलाला उजवीकडं झुकत चालली. डॉक्टर तिच्या झुकण्याकडं बघत राहिली. मग दयानंदला म्हणाली, "भाऊ, तुम्ही थोडं बाहेर थांबा."

दार लागलं. ती गुणाबाईजवळ स्टूल ओढून बसली आणि तिनं भलताच प्रश्न विचारला.

"मावशी, तुमच्या पायाची नखं कोण कापतं?"

गुणाबाईनं पाय साडीत ओढून घेतले. उजव्या पायाची नखं वाढून वाकडी झाली होती, अंगठ्याचं तर मांसात रुतत होतं. ती पायापर्यंत पोचतच नव्हती. आणि कापायला घरात दुसरं होतं कोण? एवढ्या डॉक्टरांनी तिचा गुडघा बघितला, पण नखांबद्दल कुणी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"हात पुरत न्हाई माय," ती म्हणाली. "कुणी न्हाई कापाय."

डॉक्टरनं तिला पाठीवर निजवलं, गुडघ्यात पाय दुमडला आणि अलगद आतल्या बाजूला वळवला. गुणाबाई ओरडली. डॉक्टरनं पाय सोडला आणि स्वतःच्या जांघेवर हात ठेवून विचारलं, "कळ इथं आली ना?"

"हाव."

"आधीपासून इथंच येते?"

"हाव माय. पयल्यापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

गुणाबाईनं दाराकडं बघितलं. डॉक्टर तिथलीच, निलंग्याकडची. तिला जास्त सांगावं लागलं नाही.

मग तिनं समजावलं. एका हाताची मूठ केली, दुसऱ्या हाताची वाटी, मूठ वाटीत ठेवून फिरवली. "हा खुबा. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कंबरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो. दोन्हींवर गुळगुळीत अस्तर असतं. तुमचं ते अस्तर गेलंय, आता हाडावर हाड घासतंय. खुब्याची कळ जांघेत उठते आणि मांडीतून गुडघ्यात उतरते. काही माणसांना तर जांघेत काहीच होत नाही, नुसता गुडघाच दुखतो. म्हणून गुडघा दुखला की आम्ही खुबाही बघतो. बघायला पाहिजे, निदान." शेवटचं वाक्य तिनं जरा रागानंच म्हटलं.

फोटो काढला, या वेळी खुब्याचा. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये जी काळी फट दिसायला हवी, ती उजवीकडं दिसतच नव्हती. डॉक्टरनं सगळं सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या लागतील तेवढ्याच, रोज नाही; त्या पोटाला आणि किडनीला बाधतात. मांडीचे आणि कुल्ल्याचे व्यायाम. उंच खाट, उंच संडासची खुर्ची. आणि काठी डाव्या हातात. "दुखतंय उजवीकडं तर काठी डावीकडं धरायची, मावशी. मग अंगाचा भार उजव्या खुब्यावर कमी पडतो. तुम्ही उलटं धरत होता." गुणाबाईनं हात बदलून चार पावलं टाकली आणि चकित झाली. गावात काठीवाले एवढे, पण कुणी असं धरत नव्हतं. ज्या बाजूला दुखतं त्याच बाजूला सगळे काठी रोवत होते.

"एवढ्यावर भागलं तर ठीक," डॉक्टर म्हणाली. "पण बरंच झिजलंय. सुरुवातीला आला असतात तर यावरच काही वर्षं निघाली असती कदाचित. आता बहुतेक सांधा बदलावा लागेल."

गुणाबाईनं एकच विचारलं. "बदलल्यावर खाली बसाय यील का?"

डॉक्टरनं तिच्याकडं नीट बघितलं. खोटं बोलायचा मोह कुणालाही झाला असता. "चालता येईल. झोप लागेल. कळ जाईल. पण खाली बसणं नाही, मावशी. पहिले काही महिने तर अजिबातच नाही, आणि पुढंही उकिडवं बसायचं नाही, मांडी घालायची नाही, खालची बैठक टाळायची. बसवलेला गोळा निसटू शकतो. नाही असंच धरून चाला."

घरी येईपर्यंत गुणाबाई खिडकीतून बाहेर बघत राहिली. दयानंदला वाटलं, आई ऑपरेशनला भ्यायली. तिला कापण्याचं भय नव्हतंच. तिला वाटत होतं ते असं, की दुखतंय तोवर निदान आशा आहे. आज ना उद्या बरं होईल, लिंबाखाली जाऊन बसू, सिंधूचा राग काढू. बरं झालं की ती आशा कायमची गेली. आजारापेक्षा इलाजच तिला जास्त एकटं करणार होता, आणि हे कुणाला सांगावं तर हसले असते.

तिनं व्यायाम केले. काठी डाव्या हातात धरली. थोडं बरं वाटलं, मग थंडीत पुन्हा सगळं चढलं. नळापर्यंत जाणंही नको वाटायला लागलं. उन्हाळ्यात एक दिवस पलीकडं शेवया चालल्या होत्या. भिंतीपलीकडून पीठ मळल्याचा थपथप आवाज येत होता, सिंधू कुणाची तरी नक्कल करत होती आणि बाया खिदळत होत्या. गुणाबाई बाजेवर पडून ऐकत होती. तिच्या मनात आलं, आपण तिथं नाहीच. दुखत राहिलं तरी नाही, बरं झालं तरी नाही. बसायचं तर गेलंच आहे. मग निदान चालायचं तरी कशाला सोडायचं? तिनं लेकाला फोन केला.

ऑपरेशन लातूरला झालं आणि चांगलं झालं. दयानंदनं रजा काढली. प्रियदर्शनी तर गावात येऊन राहिली. तिनं सासूची नखं कापली, दोघींनाही संकोच वाटत होता, पण कापली. उंच खाट आली, संडासची खुर्ची आली, खाली पडलेलं उचलायला लांब दांड्याचा चिमटा आला. मग रजा संपली. दोघं गेली तेव्हा गुणाबाई दारापर्यंत काठी न घेता चालत आली आणि तिला कळलं की आता काहीही दुखत नाही. एवढ्या वर्षांत सोबत करणारं ते दुखणंही गेलं होतं.

गावातले लोक बघायला येऊन गेले. सिंधू आली नाही. रामकिशन आला, पेरू घेऊन, आणि खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला.

"कशाचं वो झालं ऑपरेशन, वैनी?"

आणि काय सांगावं! नवा खुबा बसवून घेतलेल्या गुणाबाईचा हात गेला तो गुडघ्यावरच. "गुडघ्याचं, भाऊजी."

"बरं झालं बगा. सांगतो घरी. तिला लई वाटतंय तुमच्याकडं यावं. पण बोलून गेलंय ना मधी ती... म्हंजी न बोलता राहिलंय." तो हसला. "आणतो एक दिस तिला."

तो एक दिवस काही आला नाही. पावसाळा सरता सरता रामकिशन उदगीरच्या मोंढ्यात सोयाबीन घालून आला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत खाली कोसळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

भिंतीपलीकडून सिंधूचा आवाज आला तेव्हा गुणाबाई दळण निवडत होती, टेबलावर, खुर्चीत बसून. ती उठली, पण जावं की न जावं यात बराच वेळ गेला; मग होती तशी निघाली. आता तिला जिना चढता येत होता, रानात जाता येत होतं. शेजारचं घर म्हणजे काहीच नव्हतं. अंगणात पुरुष उभे होते. आतल्या खोलीत बाया दाटीवाटीनं बसलेल्या, आणि मधोमध, जमिनीवर, सिंधू. एकेक बाई येत होती, तिच्याजवळ टेकत होती, गळ्यात पडून रडत होती. दुखवट्याच्या घरी दुसरं करायचं काय असतं? शब्द कुणाकडंच नसतात. माणूस जवळ जाऊन बसतं.

गुणाबाई दारात थांबली. सिंधूनं वर बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. कुणी तरी सरकून जागा केली, सिंधूच्या उजव्या अंगाला.

"बसा काकू," एक जण म्हणाली. "पाय लांब करून बसा, गुडघा दुखत असंल तर."

तिला परतता आलं असतं. दोन शब्द बोलून, पदर डोळ्याला लावून, गर्दी आहे म्हणून मागच्या मागं निघून जाता आलं असतं. ते तिला सरावाचं होतं. आणि तशी ती गेली असती तर या घराचा उंबरा तिला पुन्हा चढता आला नसता, हेही तिला कळत होतं.

"मला खाली बसाय येत न्हाई," गुणाबाई म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. अंगणातले पुरुषसुद्धा वळले. "कवाच येणार न्हाई आता. गुडघा न्हवता गं. खुबा गेलता माझा. जांघेत दुखायचं. लाजंपायी मी गुडघा सांगत राहिले, समद्यांना. तुलाबी. खाऊनबी आले नव्हते मी त्या दिशी. उपाशी व्हते."

 सिंधूचं तोंड उघडंच राहिलं होतं. रडून रडून तिचा आवाज बसला होता, तरी ती बोलली.

"मला सांगाय काय झालतं गं? मी का परकी व्हते?"

"तू गावभर केलं असतंस."

"केलं असतं," सिंधू म्हणाली. "पर तुला वर खुर्चीत एकटीला बसू दिलं नसतं."

आणि ती जमिनीवरून तशीच, बसल्या बसल्या, आपले दोन्ही गेलेले गुडघे ओढत दाराकडं सरकायला लागली. बायांनी वाट दिली. ती गुणाबाईपर्यंत आली आणि तिनं तिच्या पायांना मिठी मारली. तिचं कपाळ मांडीला लागलं होतं, आणि तिथूनच ती नवऱ्याचं नाव घेऊन हंबरडा फोडत होती.

गुणाबाईला खाली जायचं होतं. इतर बायांसारखं तिच्याजवळ टेकायचं होतं, गळ्यात गळा घालायचा होता, तोंडाला तोंड लावून रडायचं होतं. हे सगळं चार वर्षांपूर्वी एक शब्द उच्चारला असता तर कदाचित जमलंही असतं. आता तिला वाकता येत नव्हतं. हात खाली केला तर तो सिंधूच्या डोक्यापर्यंत पोचला, पुढं नाही. तिनं तो तिथंच ठेवला. बाया येत राहिल्या, रडून जात राहिल्या, आणि ती उभीच होती.